डिजिटल वजनकाटा दरवेळी वेगळं वजन दाखवतो, तेव्हा काय तपासायचं

प्रश्न असा आहे: घर नागपूरला, फ्लॅटमध्ये. काचेचा डिजिटल वजनकाटा दीडेक वर्षापूर्वी ऑनलाइन घेतलेला. बेडरूममध्ये ७१.४ किलो, बाथरूमच्या दारापाशी ६९.८ आणि लगेच पुन्हा उभं राहिलं की ७०.६. सेल बदलला तरी मधूनच 'एलओ' येतं. वडिलांना हृदयाचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी रोज सकाळी वजन लिहून ठेवायला सांगितलंय. काटा दुरुस्त होईल की नवा घ्यावा?

एवढ्यात फेकू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं बहुतेक वेळा तीन कारणांनी येतात: फरशी, शून्य आणि सेल. तपासायचंही याच क्रमाने. काट्याच्या आतला बिघाड त्यानंतर येतो. एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. वडिलांसाठी काटा अगदी ग्रॅमपर्यंत बरोबर असण्यापेक्षा त्याच वजनाला रोज तोच आकडा दाखवणं जास्त महत्त्वाचं आहे. काटा कायम ४०० ग्रॅम कमी दाखवत असेल तर चालवून घेता येतं, कारण डॉक्टरांना पाहायचा असतो तो चढउतार. आज ४०० ग्रॅम कमी आणि उद्या ६०० ग्रॅम जास्त दाखवणारा काटा मात्र त्यांच्या काहीच कामाचा नाही.

आधी आत काय चालतं ते पाहू. काट्याला खाली चार पाय असतात आणि प्रत्येक पायात पोलादाचा एक लहान तुकडा असतो, त्याला लोडसेल म्हणतात. त्यावर अगदी पातळ असं स्ट्रेन गेज चिकटवलेलं असतं. वजन पडलं की पोलाद डोळ्यांना दिसणार नाही इतकं वाकतं, गेज ताणलं जातं आणि त्याचा विद्युत रोध किंचित बदलतो. चारही पाय एकमेकांना एका जोडणीत बांधलेले असतात आणि मधली चिप त्यांची बेरीज करून आकडा दाखवते. म्हणजे तुमचं सगळं वजन फक्त त्या चार पायांमधूनच जमिनीवर उतरायला हवं. काट्याचं पोट कुठे जमिनीला टेकलं, किंवा एखाद्या पायाला वाकायला जागा मिळाली नाही, तर तितकं वजन मोजलंच जात नाही.

म्हणून पहिली फरशी. सतरंजी, पायपुसणं, योगा मॅट, गालिचा यांवर ठेवलेला काटा खोटं बोलणारच. पाय रुततात, मधला भाग कापडाला टेकतो आणि वजन किलो-दोन किलोनेही चुकतं. टणक, सपाट, कोरडी फरशी हवी. तुमच्या घरात मोठ्या टाइल्स असतील तर चारही पाय एकाच टाइलवर येतील असं ठेवा. सांध्यातल्या सिमेंटच्या खोबणीत एक पाय गेला की काटा डुगडुगतो. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असेल तर आणखी जपून, कारण ती वरून गुळगुळीत दिसली तरी जागोजागी उंचसखल असते. बाथरूमच्या दारापाशी पाण्यासाठी उतार दिलेला असतो. खरं तर तेवढ्या उताराने वजन कमी होत नाही. शंभरात एक इतक्या उताराने ७० किलोमागे जेमतेम ३-४ ग्रॅमचा फरक पडतो. तिथे आकडा चुकतो तो टाइलचे लहान तुकडे, सांधे आणि ओल यांमुळे. सोपी परीक्षा करा: काट्याचे समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने बोटाने दाबा. जरासुद्धा टक्‌ टक्‌ हलला तर जागा बदला. योग्य जागा सापडली की फरशीवर चार पायांपाशी पेन्सिलने किंवा चिकटपट्टीने खुणा करा आणि काटा रोज तिथेच ठेवा. एवढ्यानेच अर्ध्या घरांतली तक्रार मिटते.

दुसरं शून्य, आणि तुमच्या तीन वेगवेगळ्या आकड्यांचं मुख्य कारण मला हेच वाटतं. हल्लीचे बहुतेक काटे पाय ठेवला की आपोआप सुरू होतात. ते मागच्या वेळी बंद होताना साठवलेलं शून्य धरून चालतात. मध्ये तुम्ही काटा उचलला, भिंतीला उभा करून ठेवला, दुसऱ्या खोलीत नेला, तर पायांवरचा ताण बदलतो आणि जुनं शून्य निरुपयोगी होतं. त्यानंतरचं पहिलं वजन म्हणूनच चुकतं. उपाय असा: काटा जागेवर ठेवा. मधोमध पायाने जरा दाबून पाय लगेच उचला. पडद्यावर ०.० येऊ द्या, हात लावू नका आणि तो आपोआप बंद होईपर्यंत थांबा. आता वजन करा. काटा हलवला की दरवेळी हे करायचंच. काही मॉडेल्स शून्य घेताना पडद्यावर 'सी' किंवा आडव्या रेघा दाखवतात. त्या जाऊन शून्य येईपर्यंत चढू नका. काट्यावर आधीच काही ठेवलेलं असताना किंवा तो भिंतीला टेकलेला असताना शून्य घेतलं गेलं, तर पुढचे सगळे आकडे तेवढ्यानेच चुकतात.

उभं राहण्याचीही एक रीत आहे. दोन्ही पाय मध्यरेषेच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर, वजन दोन्हींवर सारखं, नजर समोर. आकडा लुकलुकून स्थिर होईपर्यंत खाली वाकून पाहू नका. वाकलं की वजन काट्याच्या पुढच्या पायांवर जातं आणि चिपला आकडा ठरवता येत नाही. कडेवर एक पाय ठेवून चढू नका. काच उलटून माणूस पडू शकतो, आणि वयस्कर माणसाला हा धोका खरा आहे. वडिलांच्या समोर हाताशी खुर्ची असू द्या. तोल गेला तर धरायला ती कामी येते, वजन घेताना मात्र तिला हात टेकायचा नाही.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. अनेक स्वस्त काटे मागचं वजन लक्षात ठेवतात. नवं वजन मागच्याच्या अगदी जवळ, काहीशे ग्रॅमच्या आत असेल, तर ते सरळ जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. लोकांना वाटतं काटा फार पक्का आहे. प्रत्यक्षात त्याने दुसऱ्यांदा मोजलेलं दाखवलेलंच नसतं. तपासायला वजन करा, मग पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन पुन्हा करा. आकडा हलला नाही तर काट्यात ही सवय आहे. मग मध्ये पाच किलोची पिशवी घेऊन एकदा वजन करायचं आणि नंतर पिशवीशिवाय. असं केल्यावर त्याला नव्याने मोजावंच लागतं. हृदयाच्या रुग्णाच्या घरात असा काटा मुळीच ठेवू नये, कारण तिथे हव्या असलेल्या बदलाचीच तो माहिती लपवतो.

तिसरा सेल. 'एलओ' म्हणजे विजेचा दाब कमी पडतोय, इतकंच. काट्याच्या मागचं झाकण उघडा आणि कुठला सेल आहे ते बघा. चपटा बटण सेल असेल तर तो बहुधा सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. दुकानात घाईत कधीकधी सीआर २०२५ दिला जातो. तोही ३ व्होल्टचाच आणि तेवढाच रुंद, पण २.५ मिलिमीटर जाड. तो सैल बसतो, पाय पडला की संपर्क तुटतो आणि नवा सेल असूनही 'एलओ' येतं किंवा पडदा विझतो. तुमच्याकडे सर्वांत आधी हेच तपासा. बसवताना अधिकचं चिन्ह वर, आणि सेल आधी धातूच्या आकड्याखाली सरकवून मग खाली दाबायचा. खालची पत्र्याची जीभ चेपलेली असेल तर टोकदार प्लास्टिकने किंचित वर उचला. सेलच्या दोन्ही बाजू कोरड्या सुती कापडाने पुसा.

ट्रिपल ए सेलवर चालणारा काटा असेल तर रिचार्जेबल सेल घातलेत का बघा. ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे असतात, दोन मिळून २.४. साधे दोन मिळून ३ व्होल्ट देतात. पूर्ण चार्ज केलेल्या रिचार्जेबल सेलवरसुद्धा काही काटे म्हणूनच 'एलओ' दाखवतात. तिथे अल्कलाइन सेलच हवेत, आणि जुना-नवा अशी जोडी कधी करायची नाही. मल्टिमीटरवर नवा सीआर २०३२ साधारण ३.२ व्होल्ट दाखवतो. पण मीटरवर ३ व्होल्ट दिसणारा जुना सेलही पडद्याचा दिवा लागला की दबतो, म्हणून नुसत्या मीटरच्या आकड्यावर जाऊ नका. बर्डीच्या घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून बंद पाकिटातला, पाठीमागची तारीख बघून नवा सेल आणा आणि तो घालून बघा.

सेलच्या खाचेत पांढरी किंवा हिरवी बुरशी धरली असेल तर सेल गळला आहे. हातमोजे घालून कापसाच्या बोळ्याने कोरडं खरवडा. अल्कलाइन सेलची गळती असेल तर व्हिनेगरचा ओला बोळा फिरवून मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. आणि हे विसरू नका: जुना बटण सेल लहान मुलाच्या हाती लागेल असा टाकू नका. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून भाजतं. मुलाने गिळला असा संशय जरी आला तरी लगेच मोठं इस्पितळ गाठा.

या तीन गोष्टी झाल्या की काट्याची परीक्षा घ्या. पहिली परीक्षा पुनरावृत्तीची. शून्य घेतलेल्या काट्यावर पाच वेळा चढा-उतरा. दरवेळी आकडा जाऊन पडदा बंद होऊ द्या, आणि मध्ये पिशवी घेऊन एक वजन करा, म्हणजे लक्षात ठेवण्याची सवय आड येणार नाही. पाचही आकडे २०० ग्रॅमच्या आत हवेत. दुसरी परीक्षा चार कोपऱ्यांची. दहा किलोची सीलबंद पिशवी आळीपाळीने प्रत्येक पायाच्या बरोबर वर ठेवा. अगदी कडेवर नको, काटा उलटेल. तीन कोपरे १०.० दाखवतात आणि चौथा ८.७, तर त्या पायातच दोष आहे. चारही सारखेच कमी दाखवत असतील तर पाय ठीक आहेत, आकड्याची जुळणी (कॅलिब्रेशन) बिघडली आहे.

तिसरी परीक्षा खऱ्या वजनाची. यासाठी माझा सल्ला गिरणीचा. गहू दळायला नेतो तशी वीस किलोची पिशवी भरा आणि मोहल्ल्यातल्या गिरणीत किंवा धान्याच्या दुकानात, वैधमापन खात्याचा शिक्का असलेल्या काट्यावर नेमकी मोजून आणा. घरी आधी स्वतःचं वजन करा, मग पिशवी हातात घेऊन. दोन आकड्यांतला फरक २० किलो यायला हवा. नुसती पिशवी काट्यावर ठेवण्यापेक्षा हे चांगलं, कारण काटा ७० ते ९० किलोच्या टप्प्यात कसा वागतो ते यातून कळतं, आणि घरातल्या माणसांची वजनं तिथेच असतात. फरक १९.८ ते २०.२ आला तर काटा घरच्या कामाला उत्तम. १९.५च्या खाली किंवा २०.५च्या वर गेला तर जुळणी बिघडलेली आहे. गॅस सिलिंडरवर रिकामं वजन कोरलेलं असतं आणि आत १४.२ किलो गॅस, म्हणून तो काट्यावर ठेवायचा मोह होतो. तसं करू नका. खालचं लोखंडी कडं काचेला टवका पाडतं, आणि टवका गेलेली टफन्ड काच नंतर केव्हाही फुटते.

चारपैकी एक पाय दोषी निघाला तर काटा उघडण्यात अर्थ आहे. सेल काढा. काटा मऊ चादरीवर उपडा ठेवा. पायाखालची रबरी चकती जागेवर आहे का बघा. एक हरवली तरी तो पाय आखूड होतो. पायाभोवती केस, साबणाचा थर, वाळलेली धूळ अडकलेली असते, ती टूथब्रशने काढा. नागपुरात पावसाळ्यात मुंग्या काट्यात घर करतात, तेही बघून घ्या. प्रत्येक पाय बोटाने दाबला की किंचित दबून परत यायला हवा. एखादा ताठ असेल तर कचरा आत आहे. मग पेचकसाने मागचे स्क्रू काढा. प्रत्येक पायातून तीन बारीक तारा मधल्या पाटीकडे (सर्किट बोर्डकडे) जातात, एकूण बारा. बहुतेक वेळा तुटलेली तार डोळ्यांनी दिसते, पायाच्या जवळ किंवा पाटीवरच्या सोल्डरपाशी. ती बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने जोडता येते. तार तुटलेली दिसली नाही तर मल्टिमीटर लावा. लोडसेलच्या तीन तारा पाटीवरून सोडवा आणि दोन-दोन तारांत ओहम मोजा. घरच्या काट्यात सामान्यतः दोन जोड्यांत साधारण १००० ओहम आणि तिसरीत त्याच्या दुप्पट येतात. आकडा मॉडेलनुसार थोडा वेगळा असेल, पण चारही पायांचं माप एकसारखं हवं. एक वेगळा निघाला तर तोच खराब. काच सिलिकॉनने चिकटवलेली असेल आणि मागून उघडत नसेल, तर काच उचकटू नका. तिथे दुरुस्ती सोडून द्या.

आकड्याची जुळणी घरी करायच्या फंदात पडू नका. काही मॉडेल्समध्ये बटण दाबून ठेवून जुळणीचा पर्याय उघडतो, पण त्याला पुस्तिकेत लिहिलेलं नेमकं वजन लागतं, आणि अंदाजाने केलेली जुळणी काटा कायमचा बिघडवते.

नागपूरच्या उन्हाचाही काट्यावर परिणाम होतो. बहुतेक घरगुती काटे साधारण ४० अंशांपर्यंत वापरायचे असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश सहज होतं. मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नवतप्यात बाल्कनीच्या काचेजवळ, उन्हाच्या पट्ट्यात ठेवलेला काटा आत आणून लगेच वापरला तर गेज, गोंद आणि पोलाद वेगवेगळ्या वेगाने थंड होत असतात आणि शून्य सरकत राहतं. त्याला अर्धा-पाऊण तास खोलीत राहू द्या, मग शून्य घ्या. कूलरच्या तोंडासमोरही काटा नको. तिथे ओलसर हवा आणि पाण्याचे थेंब असतात, त्याने सेलच्या पट्ट्या गंजतात. कूलर किंवा वॉशिंग मशीन चालू असताना फरशीत कंपन असेल तर आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो किंवा 'एरर' येतो. वजन करण्यापुरतं ते बंद ठेवा. काटा बाथरूममध्ये ठेवू नका, बाहेर ठेवा. आंघोळीची वाफ आत शिरते आणि पाटीवर साठते.

ऑनलाइन घेतलेल्या काट्यांबद्दल आणखी एक बारीक मुद्दा. लोडसेल वजनाचं खेचणं मोजतो आणि गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसतं. गुरुत्वाकर्षणाचं प्रमाण मूल्य ९.८०६६५ धरून जुळवलेला काटा नागपुरात ७० किलोच्या माणसाचं वजन सुमारे दीडशे ग्रॅम कमी दाखवतो, कारण इथे ते मूल्य साधारण ९.७८६ आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन काट्यांत २००-३०० ग्रॅमचा फरक आला तर एखादा खराब आहे असं समजू नका. तसंही या काट्यांचा पडदा १०० किंवा ५० ग्रॅमपर्यंत आकडा दाखवतो म्हणजे तेवढा अचूक असतो असं नाही. ३०० ते ५०० ग्रॅमची चूक चांगल्या काट्यातही धरूनच चालावं.

वजन अचानक दुपटीहून जास्त दिसलं, म्हणजे ७०चे १५४ झाले, तर मागच्या बटणाने एकक पाउंडवर गेलंय, पडद्यावर 'एलबी' असेल. बरोबर दुप्पट, १४० दिसले तर काही चिनी काट्यांमधलं 'जिन' हे एकक लागलंय. बटण दाबून 'केजी' आणा. 'एसटी' असेल तर ते स्टोन. मोबाइल ॲपला जोडणारा काटा असेल तर फोनच्या ब्लूटूथ यादीतून जोडायचा नाही. ॲप उघडून, फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवून, काट्यावर अनवाणी उभं राहून ॲपमधून जोडायचा; उभं राहिल्याशिवाय तो जागाच होत नाही.

शरीरातली चरबी दाखवणाऱ्या काट्यांच्या आकड्यावर फार विसंबू नका. ते तळपायांतून अगदी सौम्य प्रवाह सोडून फक्त पायांचा रोध मोजतात आणि बाकीचं उंची, वय यांवरून गणिताने काढतात. उन्हाळ्यात टाचा भेगाळल्या, तळवे कोरडे पडले की रोध वाढतो आणि चरबी वाढल्यासारखी दिसते. तुमच्या वडिलांना पेसमेकर बसवला असेल तर त्यांनी असा काटा वापरूच नये. साधा, फक्त वजनाचा घ्या. गरोदर बायकांनीही तो टाळावा.

वडिलांचं रोजचं वजन असं घ्या. सकाळी उठल्यावर शौचाला जाऊन आल्यानंतर, चहा-पाण्याच्या आधी, तेवढ्याच वजनाचे कपडे, तीच जागा, तोच काटा. एक ग्लास पाणी प्यायलं तरी २०० ग्रॅम वाढतात, म्हणून वेळ बदलू नका. तारीख आणि आकडा वहीत लिहा. पायांना सूज, धाप अशी काही नोंद असेल तर तीही समोर. सहसा तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढ झाली तर डॉक्टरांना कळवायला सांगतात, पण तुमच्या डॉक्टरांनी दिलेली मर्यादा हीच खरी. ती वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

नवा घ्यायची वेळ आलीच, म्हणजे पाच वेळच्या परीक्षेत आकडे २०० ग्रॅमपेक्षा जास्त पसरले, काचेला टवका असला, किंवा खराब पाय बदलता येत नसला, तर ट्रिपल ए सेलवर चालणारा, मोठ्या आकड्यांचा, रुंद पृष्ठभागाचा, १५० किलो किंवा जास्त क्षमतेचा काटा पाहा. चरबी, हाडं, पाण्याचं प्रमाण यांसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. नवा आला की, जुन्याच्या काचेला टवका नसेल तर, पहिले सात दिवस वडिलांचं वजन जुन्या आणि नव्या दोन्ही काट्यांवर करा आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. दोघांतला सरासरी फरक वहीत नोंदवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा, म्हणजे काटा बदलल्यामुळे आलेली उडी त्यांना अंगात साठलेल्या पाण्याची वाटणार नाही.